मालकालाही पुसता न येणारी प्रत

काही वर्षांपूर्वीची २ ऑगस्टची सकाळ. मासेमारीची बंदी उठून जेमतेम एक दिवस झाला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपासमोर बोटवाल्यांची रांग लागलेली, बर्फाची गाडी खोळंबलेली, आणि आत ऑफिसात क्लार्क ताई कॉम्प्युटरसमोर गप्प बसलेल्या. सभासदांची यादी उघडत नव्हती. कोणाचा डिझेल कोटा किती, कोणाची मागची उधारी किती, परताव्याचे कागद कुठवर आलेत, काहीच दिसेना. सॉफ्टवेअर चालू होतं, पण त्याच्या पोटात काही उरलं नव्हतं. सगळे तक्ते गायब, आणि त्यांच्या जागी एकच नवा तक्ता. त्यात इंग्रजीत चार ओळी: तुमचा डेटा आमच्याकडे आहे, अमुक पत्त्यावर बिटकॉइन पाठवा, नाहीतर तो विसरा.

मी या भागातल्या लहान संस्थांची कॉम्प्युटरची कामं बघतो, म्हणून चेअरमन तात्यांचा फोन मला आला. पोचलो तसे त्यांनी तीन प्रश्न विचारले.

"भाऊ, आमच्याकडं मासळीशिवाय काय हाय? चोर आमच्याकडं कशाला येल?"

"ह्ये फुकटातलं सॉफ्टवेअर घेतलं म्हणून झालं काय?"

"आनि रोज रात्री बॅकअप होतो म्हणून सांगत होते ना? मग तो गेला कुठं?"

पुढे ३१ जुलै २०२४ ला देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडकले. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता आणि लागण पसरू नये म्हणून एनपीसीआयने, म्हणजे देशातलं यूपीआयसारखं पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या संस्थेने, तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं. दुसऱ्या दिवशी जोडणी परत आली, पण तेव्हापासून पतसंस्थेचे सचिव, कॉलेजचे ग्रंथपाल, होमस्टे चालवणारी मंडळी मला तात्यांचेच तीन प्रश्न विचारत आली आहेत. रॅन्समवेअर म्हणजे खंडणीखोर सॉफ्टवेअर: ते आत शिरून तुमच्या फाइलींना आपलं कुलूप घालतं, किंवा सरळ पुसून टाकतं, आणि पैसे मागतं. तात्यांच्या तिन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत. तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी कीर्द आणि खतावणी

डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. कपाटातल्या वस्तू नुसत्या पडून असतात. डेटाबेसची खरी जात जुन्या पेढीवरच्या वह्यांची आहे. दुकानदार दिवसभरात जे घडेल ते घडेल तसं रोजकीर्दीत टिपायचा: याला दोन पोती तांदूळ उधार, त्याच्याकडून शंभर रुपये जमा. मग सवडीने एकेक नोंद खतावणीत त्या त्या माणसाच्या खात्यावर चढवायचा. कोणाकडे किती बाकी ते बघायला खतावणी. वाद झाला तर पुरावा कीर्द.

डेटाबेस नेमकं हेच करतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस खात्यातला आकडा बदलण्याआधी 'काय बदलणार आहे' ते एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतो. तिला राइट-अहेड लॉग म्हणतात. मध्येच वीज गेली तर पुन्हा चालू झाल्यावर तो आधी ही कीर्द वाचतो आणि खतावणी जुळवून घेतो. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसातून चारदा वीज जाऊनही हिशेब सहसा बिघडत नाहीत ते यामुळे. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मागचे व्यवहार पुन्हा चढवायचे तर बायनरी लॉग कामी येतो. यापुढे मी दोन्हींना कीर्दच म्हणेन.

सोसायटी वाचली तीही कीर्दीमुळेच, फक्त ती कागदाची होती. ऑडिटसाठी ३१ मार्चला काढलेली डेटाबेसची एक प्रत सचिवांच्या घरी पेनड्राइव्हवर सापडली. एप्रिल आणि मे महिन्यांच्या डिझेल, बर्फ, उधारीच्या पावत्यांच्या कार्बन प्रती गठ्ठ्याने बांधून ठेवलेल्या होत्या. जून-जुलैत बंदी, त्यामुळे नोंदी नावापुरत्या. क्लार्क ताई आणि दोन मुलं बसली आणि ३१ मार्चच्या शिलकेवर एकेक पावती चढवत गेली. अकरा दिवस लागले. जुनी पक्की प्रत अधिक त्यानंतरची कीर्द, बरोबर आजचं खातं. जगातला कितीही मोठा डेटाबेस सावरायचा असो, हिशेब हाच आहे. कॉम्प्युटरकडून हे करून घेतलं की हव्या त्या क्षणापर्यंत परत जाता येतं: काल दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी घात झाला, तर २ वाजून १३ मिनिटांपर्यंतचीच कीर्द चढवायची.

फुकट म्हणून कच्चं?

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, वापरता, बदलता येतो असं सॉफ्टवेअर. त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत हा त्याचा एक गुण झाला, ओळख नव्हे. पोस्टग्रेसची मुळं अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या १९८६ च्या प्रकल्पात आहेत. पोस्टग्रेसक्यूएल हे नाव १९९६ चं. मायएसक्यूएल १९९५ चं, आणि त्याच्या मूळ कर्त्यांपैकी एकाने २००९ मध्ये त्यातूनच मारियाडीबी काढलं. तालुक्याच्या कॉलेजात पुस्तकांच्या नोंदीसाठी 'कोहा' वापरत असतील तर खाली यांतलंच एक चालू असतं. होमस्टेची वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर तिथेही तेच.

"पण कोड उघडा असला की चोरालाही वाचता येतो ना?" येतो. पण तो राखणदारालाही वाचता येतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्या ओपन सोर्स प्रकल्पात कोणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसवला होता. जगभरातल्या असंख्य सर्व्हरांत तो पोचायच्या बेतात होता. तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड यांनी, आणि ते आहेत पोस्टग्रेसच्या विकासकांपैकी एक. पोस्टग्रेसचा वेग मोजताना त्यांच्या लक्षात आलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. एवढ्याशा संशयावरून ते धागा धरून खाली उतरले, आणि कोड उघडा होता म्हणून तळापर्यंत जाऊ शकले. यात नशीबाचाही वाटा होता, हे कबूल करायला हवं. म्हणून उघडा कोड म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मी कोणाला सांगत नाही. इतकंच सांगतो की पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही भोकं सापडतात, आणि सोसायटीत चोर डेटाबेसच्या भोकातून आलाच नव्हता. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने घरून काम करता यावं म्हणून डेटाबेसचं दार, म्हणजे ३३०६ क्रमांकाचा पोर्ट, इंटरनेटवर सताड उघडा ठेवला होता. पासवर्ड सोसायटीचं नाव आणि पुढे १२३.

रापण मासा निवडत नाही

तात्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच धंद्यात आहे. रापण टाकणारा बांगडा पाहिजे की तारली, हे ठरवून जाळं टाकत नाही. किनाऱ्यालगत जे असेल ते वेढून ओढतो आणि वाळूवर आल्यावर बघतो काय लागलं. इंटरनेटवरही असंच चालतं. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की एका चांगल्या जोडणीवरून हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत तपासता येतात. म्हणजे 'कोणाचा ३३०६ उघडा आहे' हे शोधायला चोराला तुमचं नाव, गाव, धंदा काहीच ठाऊक असावं लागत नाही.

२०१७ च्या सुरुवातीला मोंगोडीबी या डेटाबेसच्या हजारो मालकांनी हा अनुभव घेतला. अनेकांनी पासवर्डशिवाय तो इंटरनेटवर उघडा ठेवला होता. आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांनी ते शोधले, पुसले आणि खंडणीची चिठ्ठी ठेवली. मग दुसऱ्या टोळ्या आल्या आणि पहिल्यांच्या चिठ्ठ्या पुसून आपल्या ठेवल्या. डेटा बऱ्याच वेळा कोणी उतरवून घेतलाच नव्हता, नुसता पुसला होता. "पैसे भरून मोकळं व्हावं" असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. ज्याच्याकडे तुमची वही नाहीच, तो ती परत कुठून देणार? सोसायटीतही मला तसंच वाटलं. हजारोंचे तक्ते वाहून नेत बसण्यापेक्षा पुसून चिठ्ठी ठेवणं चोराला सोपं.

मोठ्यांचं काय होतं तेही आपल्या किनाऱ्याने पाहिलंय. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधून जगभर पसरला, मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, आणि उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात तिच्या समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच बंदरातल्या आणखी एका टर्मिनलवर रॅन्समवेअर आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरांवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि केसपेपर कितीतरी दिवस हाताने लिहावे लागले.

दार लावायची कामं मी एका दमात सांगून टाकतो, कारण ती सगळीकडे सांगितली जातात: डेटाबेसचा पोर्ट इंटरनेटवर उघडा नको, बाहेरून यायचं तर व्हीपीएनमधून, म्हणजे ओळख पटवूनच आत सोडणाऱ्या खाजगी बंद वाटेने, प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला वेगळं नाव-पासवर्ड आणि कामापुरतेच अधिकार, सुरक्षेच्या सुधारणा आल्या की बसवायच्या. ही कामं करायचीच. पण सिंधुदुर्गाची तटबंदी बघायला जातो तेव्हा मी दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींपाशी जास्त रेंगाळतो. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं. वेढा पडेल हे गृहीत धरून तो किल्ला बांधलाय. बहुतेक संस्थांकडे तट असतो, विहीर नसते.

बॅकअप होता ना?

होता. रोज रात्री ११ वाजता. त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर. ज्याच्या हाती डेटाबेसचा मुख्य पासवर्ड लागला त्याला तिथवरही पोचता आलं, आणि फोल्डर रिकामं. सराईत टोळ्या तर आत शिरल्यावर आधी बॅकअपच शोधतात, कारण बॅकअप शाबूत असेल तर खंडणी कोणी देत नाही. घरफोड्या आधी कुत्र्याचा बंदोबस्त करतो, तसं.

"आमचा डेटा दोन सर्व्हरांवर एकाच वेळी लिहिला जातो" असं एका पतसंस्थेत मला अभिमानाने सांगण्यात आलं. याला रेप्लिका म्हणतात आणि ती कामाची वस्तू आहे: एक यंत्र जळलं तर दुसरं लगेच उभं राहतं. पण रेप्लिका ही आरशासारखी असते. मूळ वहीतलं पान फाडलं की आरशातलंही पान त्याच क्षणी फाटतं. तक्ते पुसायची आज्ञा दुसऱ्या सर्व्हरवर इमानेइतबारे पोचते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. गिटलॅब ही कोड साठवणारी नावाजलेली कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचं पोस्टग्रेसचं फोल्डर पुसलं गेलं. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. हल्ला नव्हता, दमलेल्या माणसाची चूक होती. मग बॅकअप बघायला गेले. रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता, कारण तो घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता; आणि तो फसतोय असं सांगणारे ईमेल कोणापर्यंत पोचत नव्हते. पाच पद्धती कागदावर होत्या, वेळेवर एकही उपयोगी पडली नाही. वाचवलं ते एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने काढलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाच्या जणू फोटोने. कंपनीने हे सगळं स्वतः जगासमोर मांडलं, याबद्दल मला तिच्याविषयी आदर आहे. एवढ्या जाणत्या लोकांचं असं होतं, तर आपल्याकडच्या 'बॅकअप झाला' या हिरव्या टिकल्यांवर विसंबून झोपायचं कसं?

खतावणीचा फोटो

स्टोरेज, म्हणजे डेटा साठवायची यंत्रणा, गेल्या काही वर्षांत पुष्कळ शहाणी झाली आहे. तिच्या दोन-तीन युक्त्या सामान्य माणसाने समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली स्नॅपशॉटची. शंभर जीबीच्या डेटाची दर तासाला पूर्ण नक्कल काढायची तर जागाही पुरणार नाही आणि वेळही. स्नॅपशॉट नक्कल काढतच नाही. तो एवढंच ठरवतो की या क्षणी जी पानं आहेत त्यांना आता कोणी खोडायचं नाही. बदल करायचा असेल तर तो नव्या पानावर लिहायचा आणि अनुक्रमणिका नव्या पानाकडे वळवायची. जुनी पानं जुन्या अनुक्रमणिकेसकट जागेवर राहतात. म्हणून स्नॅपशॉट क्षणात निघतो आणि जागा खातो ती फक्त बदललेल्या पानांपुरती. झेडएफएस ही ओपन सोर्स फाइल व्यवस्था हे फुकट करते. महागड्या कंपन्यांच्या पेट्या आतून साधारण असंच करतात.

इथे एक बारकावा आहे, आणि भलेभले त्यात अडकतात. खतावणीचा फोटो दहा वाजता काढला आणि कीर्दीचा दहा वाजून पाच मिनिटांनी, तर दोन्ही जुळत नाहीत आणि त्या फोटोंवरून डेटाबेस धड उभा राहत नाही. पोस्टग्रेसची खतावणी आणि कीर्द वेगवेगळ्या डिस्कवर असतील तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणी निघतो का, हे विकणाऱ्याला विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर दुसऱ्याकडे जा.

स्नॅपशॉटचा एक आडफायदा मला फार आवडतो. रोजच्या कामात सोसायटीची फार थोडी पानं बदलतात, त्यामुळे स्नॅपशॉट बारीक असतात. रॅन्समवेअर कामाला लागलं की ते प्रत्येक पान नव्याने लिहितं. शिवाय कुलूपबंद डेटा दाबून लहान करता येत नाही. त्यात पुनरावृत्ती उरत नाही ना. मग काल मूठभर असलेला स्नॅपशॉट आज एकदम पोतंभर होतो. चांगली यंत्रणा हे ओळखून रात्री दोनलाही फोन वाजवते. ती नसेल तर रोज सकाळी डिस्क किती भरली ते वहीत टिपलं तरी संशय घ्यायला पुरतं.

दानपेटी

पण स्नॅपशॉट पुसता येतो. ज्याच्याकडे मुख्य अधिकार, तो एका आज्ञेत सगळे पुसेल, आणि चोर तर मुख्य अधिकार मिळवायलाच आलेला असतो. म्हणून दुसरी युक्ती लागते: बदलता न येणारी प्रत.

देवळातली दानपेटी आठवा. चिरेतून पैसे कोणीही आत टाकावेत, बाहेर कोणालाच काढता येत नाहीत. पेटी उघडते ती ठरल्या दिवशी, विश्वस्त आणि पंच समोर असताना. पुजाऱ्याच्या मानेवर सुरा ठेवला तरी उपयोग नाही, कारण त्याच्याकडे किल्लीच नाही. स्टोरेजमध्ये या पेटीला ऑब्जेक्ट लॉक म्हणतात. ॲमेझॉनच्या एस-३ या ढगातल्या (क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या) साठवणीत ही सोय २०१८ च्या अखेरीस आली आणि आता पुष्कळ ठिकाणी मिळते. बॅकअपची फाइल टाकताना सांगायचं की ही ३० दिवस पुसायची नाही. मग ३० दिवस ती पुसता येत नाही, बदलता येत नाही.

तिचे दोन प्रकार असतात आणि फरक जाणून घ्यायला हवा. सौम्य प्रकारात खास अधिकार असलेला माणूस कुलूप काढू शकतो. कडक प्रकारात खात्याच्या मालकालाही मुदत संपेपर्यंत काही करता येत नाही. मी कडक प्रकाराच्या बाजूचा आहे, पण एका इशाऱ्यासह: ३० दिवसांच्या जागी चुकून १० वर्षं लिहिलीत तर १० वर्षं भाडं भराल. कडक कुलुपातूनही एक वाट उरते, ती म्हणजे अख्खं खातंच बंद करणं. म्हणून ढगातल्या त्या खात्याचा पासवर्ड सोसायटीच्या कॉम्प्युटरवर कधीच साठवायचा नाही.

घड्याळाचीही गोष्ट आहे. पेटी तारखेवर उघडत असेल तर चोर तारीखच पुढे ढकलून बघतो. स्वतःची पेटी बसवणार असाल तर ती वेळ कुठून घेते आणि घड्याळ एकदम महिनाभर पुढे गेलं तर काय करते, हे तपासून घ्या.

पिग्मी एजंट आणि गेलेली वीज

पेटीत पैसे नेऊन टाकायचे कोणी? नेहमीची पद्धत अशी की सर्व्हर स्वतःच बॅकअपच्या यंत्राकडे प्रत पाठवतो. म्हणजे सर्व्हरकडे त्या यंत्राची किल्ली असते, आणि सर्व्हर फुटला की किल्लीही गेली. उलटं करायचं. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानात येतो, रक्कम घेतो, पावती देतो, बँकेत भरतो. दुकानदाराकडे बँकेच्या तिजोरीची किल्ली नसते, म्हणून दुकान लुटलं तरी तिजोरी शाबूत. तसं बॅकअपच्या यंत्राने येऊन सर्व्हरकडून प्रत ओढून न्यायची आणि स्वतःचं दार आतून लावून घ्यायचं.

आणि एक प्रत पूर्ण तुटलेली असावी, कुठल्याच तारेला न जोडलेली. मर्स्कची गोष्ट इथे पुरी करतो. कोणाला कुठे प्रवेश आहे याची यादी ठेवणारे त्यांचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर एकमेकांची नक्कल करत होते, आरशांसारखे. हल्ल्यात सगळे एकदम गेले. उरला एकच, आफ्रिकेत घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यातून तुटलेला होता. ती एक डिस्क माणसाच्या हातून विमानाने इंग्लंडला पोचवली गेली आणि तिच्यावरून पुढची उभारणी झाली. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने बसवले. तात्यांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मंजे लाइट गेली म्हणून वाचले."

"आमच्या डिस्कला तर एन्क्रिप्शन आहे"

एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर अशा लिपीत ठेवणं की किल्लीशिवाय वाचता येऊ नये. डिस्क चोरीला गेली, जुना कॉम्प्युटर भंगारात विकला, तर ते वाचवतं. पण सर्व्हर चालू असताना किल्ली लावलेलीच असते. मुख्य पासवर्ड घेऊन आलेल्याला सगळं वाचता येतं, आणि तुमच्या कुलपावर तो स्वतःचं कुलूप घालू शकतो. बॅकअपची प्रत मात्र एन्क्रिप्ट करूनच बाहेर पाठवावी आणि तिची किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. किल्ली फक्त त्याच सर्व्हरवर असेल तर सर्व्हरबरोबर प्रतही गेली समजा.

इथे एक गोष्ट लपवणं बरोबर होणार नाही. न पुसता येणारी प्रत तुम्हाला वही परत देते. वाचली गेलेली वही 'न वाचलेली' करू शकत नाही. हल्लीच्या टोळ्या आधी डेटा उतरवून घेतात आणि मग धमकी देतात की पैसे द्या, नाहीतर जाहीर करू. सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती बाहेर गेली तर कुठलाही स्नॅपशॉट ती परत आणत नाही. म्हणून गरजेपेक्षा जास्त माहिती साठवूच नये. डिझेलच्या उधारीसाठी सभासदाच्या पॅनकार्डाचा फोटो कशाला हवा? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायचा असतो.

याच कायद्यावरून एका ग्रंथपाल बाईंनी चांगली शंका काढली: सभासदाने आपली माहिती पुसा म्हटलं आणि प्रत तर पुसताच येत नाही, मग? उत्तर मुदतीत आहे. चालू डेटाबेसमधून ती लगेच पुसायची आणि बॅकअपची मुदत ३० ते ९० दिवसांची ठेवायची. जुन्या प्रती मुदत संपली की आपोआप जातात. मुदत फार आखूडही नको. चोर आत येऊन काही आठवडे गप्प बसलेला असू शकतो, आणि सात दिवसांच्याच प्रती असतील तर त्या सगळ्या त्याच्या हातच्या असतील.

खर्च, आणि घाटापलीकडची प्रत

"हे बँकांना परवडतं, आम्हाला नाही." सोसायटीचा पूर्ण डेटाबेस दाबून एका जीबीत मावतो. तेवढ्या डेटाच्या महिनाभराच्या कुलूपबंद प्रतींचं ढगातलं भाडं महिन्याला बर्फाच्या एका लादीइतकंही होत नाही. एक जुना कॉम्प्युटर झेडएफएस घालून पिग्मी एजंट केला. दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. दर शनिवारी एक जोडायची, प्रत उतरली की काढायची आणि दुसरीशी अदलाबदल करायची. खरा खर्च पैशांचा नव्हताच. शनिवारी न चुकता डिस्क काढणारा माणूस नेमणं, हा होता.

डिस्क कुठे ठेवायची, याला आपल्या किनाऱ्यावर वेगळं महत्त्व आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्टा झोडपला. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा बाजारपेठेतल्या वह्या आणि कॉम्प्युटर एकाच पाण्यात गेले. १८६४ साली स्थापन झालेल्या तिथल्या वाचनालयानेही पुराचा तडाखा सोसलाय. वर समुद्रावरची खारी हवा आणि जूनच्या तोंडची वीज आहेच. त्यामुळे एक प्रत घाटावर असावी असा माझा आग्रह असतो. सोसायटीची एक डिस्क महिन्यातून एकदा कोल्हापूरला एका संचालकांच्या मुलीकडे जाते आणि जुनी परत येते.

जाळी विणायच्या दिवसांत

बंदीच्या दोन महिन्यांत होड्या शाकारून ठेवतात, जाळी तपासतात, फाटलं असेल तिथे विणतात. सोसायटीने त्याच दिवसांत आणखी एक काम लावून घेतलंय. एक कोरा कॉम्प्युटर घ्यायचा, त्यावर काहीही नसताना पेटीतली प्रत काढायची, तिच्यावर कीर्द चढवायची आणि पाच सभासदांची बाकी कागदी पावत्यांशी ताडून बघायची. मी समोर असतो, पण हात लावत नाही. मला उद्या काही झालं तरी त्यांना हे जमलं पाहिजे.

पहिल्या जुलैत सहा तास लागले आणि एका सभासदाची बाकी जुळली नाही. शोधलं तेव्हा कळलं की कीर्दीच्या फाइली महिन्यातले दोन दिवस पेटीत पोचलेल्याच नव्हत्या, कारण त्या दिवसांत बंदराची फायबर तुटली होती आणि जोडणी आल्यावर राहिलेल्या फाइली पुन्हा पाठवायची सोय मी केली नव्हती. ती केली. गेल्या जुलैत क्लार्क ताईंनी दोन तास दहा मिनिटांत डेटाबेस उभा केला आणि पाचही बाक्या पैशापर्यंत जुळल्या. तात्यांनी सहाव्या सभासदाचं नाव स्वतःहून सांगितलं, म्हणाले याचीही बघा, याचे व्यवहार फार. तीही जुळली. मग ताईंनी डिस्क काढली, पिशवीत घातली आणि पुढच्या कोल्हापूर गाडीची वेळ विचारायला फोन लावला.